प्लेटमधली तिसरी ओळ

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीत मी रक्त तपासणारी बाई म्हणून ओळखली जाते. सकाळी भाजी घेऊन येताना गेटवरच कुणीतरी शुगरचा रिपोर्ट पुढे करतं आणि 'टेन्शन घेण्यासारखं काही नाही ना?' असं विचारतं. सुरुवातीला मी समजावून सांगायची, की मी पॅथॉलॉजीत नाही, महाप्याच्या एका छोट्या कंपनीत पेशी वाढवते. त्यावर 'कुणाच्या?' असा प्रश्न आला की माझी पंचाईत व्हायची. पुढे मी समजावणं सोडलं आणि रिपोर्ट वाचायला शिकले. आता निवृत्त झाले तरी रिपोर्ट येतच असतात. तेव्हा कुणाच्या पेशी आणि कशाला वाढवायच्या, हे एकदाचं लिहूनच टाकते.

आपल्या शरीरात जंतू शिरला तर त्याला ओळखणारे काही रेणू पेशींच्या अंगावर बसलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. सोसायटीचा वॉचमन समजा, फक्त या वॉचमनला ठरावीकच चेहरे ओळखता येतात. आता एखाद्या संशोधकाला एकाच वॉचमनचा अभ्यास करायचा असेल, तर खऱ्या शरीरात ते अवघड, कारण तिथे सगळेच एकदम ओरडतात. म्हणून आम्ही काय करायचो, तर माणसाच्याच, पण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढत आलेल्या आणि असा वॉचमन अंगावर नसलेल्या पेशी घ्यायचो. त्यांच्यात एका रिसेप्टरचा जीन घालायचा आणि सोबत एक घंटा जोडून द्यायची. रिसेप्टरने कुणाला ओळखलं की पेशी एक द्रव्य सोडते आणि तिच्या भोवतीचं गुलाबी पाणी, म्हणजे मीडियम, निळं होतं. निळं झालं म्हणजे ओळखलं, गुलाबी राहिलं म्हणजे नाही ओळखलं.

सांगायला सोपं आहे. करायला गेलं की नाकी नऊ येतात. बहुतेक पेशी दिलेला जीन घेतच नाहीत. म्हणून जीनसोबत एका औषधाला तोंड द्यायची ताकदही घालायची आणि मग तेच औषध वरून ओतायचं. ज्यांनी जीन घेतला नाही त्या मरतात. उरलेल्या पेशी एकेक करून, शहाण्णव छोट्या वाट्या असलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये सोडायच्या, एका वाटीत एकच, आणि वाट बघत बसायचं. एका पेशीचं घराणं उभं राहायला आठवडे लागतात. बरीच घराणी बुडतात. काही छान वाढतात पण पुढच्या पिढीत रिसेप्टर विसरून जातात. काहींना समोर कुणी नसतानाही निळं व्हायची हौस असते, अशा मी बघता क्षणी फेकून द्यायची. शेवटी एखादंच घराणं असं निघतं, की जे पिढ्यानपिढ्या शहाण्यासारखं वागतं. त्याला आमच्या भाषेत स्थिर म्हणतात. ते गोठवायचं, द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचं आणि मागणी येईल तसं विकायचं.

पेशींना सुट्टी कळत नाही. गौरी जेवायच्या दिवशी सासूबाईंनी पुरण घाटायला बसवलं असताना मी 'जरा खाऊ घालून येते' म्हणून निघाले, तेव्हा त्यांना वाटलं ऑफिसमध्ये कुत्रा पाळलाय. त्यांचा तो समज मी कधी दूर केला नाही. कुत्र्यासाठी सून सणाला बाहेर पडते हे त्यांना चाललं असतं. काचेवर चिकटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कशासाठी तरी पडते हे चाललं नसतं.

माल जायचा थर्मोकोलच्या डब्यात, सुक्या बर्फात. एकदा तुर्भ्याच्या कुरिअर ऑफिसातून फोन आला. पार्सलवर 'मानवी पेशी' लिहिलं होतं.

"मॅडम, ह्यात माणसाचं काय आहे?"

"पेशी आहेत. लॅबमध्ये वाढवलेल्या."

"ते ठीक आहे, पण ओरिजनल माणूस कुठाय?"

मी म्हटलं, ओरिजनल माणूस आता नाही. पलीकडचा आवाज अगदी हळू झाला. "बॉडीच्या घरच्यांची परमिशन आहे ना मॅडम? नाहीतर आम्ही लफड्यात येऊ." त्या डब्यातला बर्फ उडून जायच्या आत मला रिक्षा करून तुर्भे गाठावं लागलं. तिथे मी जे व्याख्यान दिलं ते माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात यशस्वी व्याख्यान. श्रोते चार होते आणि एकही डुलकी काढत नव्हता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते. आमच्याकडे एक रीत होती. रिसेप्टर असलेल्या पेशींच्या बाटलीसोबत आम्ही दुसरी एक बाटली द्यायचो. त्यात त्याच पेशी, तीच घंटा, फक्त रिसेप्टर नाही. तिला आम्ही 'रिकामी' म्हणायचो. ग्राहकाने आपला पदार्थ दोन्हींवर टाकायचा. रिसेप्टरवाली निळी आणि रिकामी गुलाबी राहिली, तरच रिसेप्टरने ओळखलं असं म्हणता येतं. दोन्ही निळ्या झाल्या तर तो पदार्थ भलतीकडूनच घंटा वाजवतोय. रिकामी ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची बाटली आणि सगळ्यात दुर्लक्षित. कित्येकांना ती दिवाळीच्या ऑफरसारखी एकावर एक फुकट वाटायची. एका नावाजलेल्या संस्थेतून तर रीतसर तक्रार आली, की दुसरी बाटली खराब निघाली, काही केल्या निळीच होत नाही, बदलून द्या. मी त्यांना लिहिलं, की अभिनंदन, ती उत्तम चालली आहे.

नौशीन आमच्याकडे पहिल्यांदा आली ती पेशी घ्यायला स्वतः आली. उरणकडची मुलगी, खाडीकाठच्या गावातली, इथल्याच एका कॉलेजात पीएचडी करत होती. कुरिअरवर तिचा विश्वास नव्हता. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसने गेली. मला तेव्हाच ती आवडली होती.

तिचा विषय होता मारांडी. खाडीच्या चिखलात वाढणारं काटेरी पानांचं झुडूप, जांभळट फुलांचं. तिच्या घरी जखमेवर त्याचा पाला वाटून लावायची पद्धत. तिचं म्हणणं असं, की या पाल्याच्या अर्काने शरीरातला वॉचमन जागा होतो आणि म्हणून जखम लवकर भरते. जंतूंच्या कवचाचे तुकडे ओळखणारा एक रिसेप्टर आहे, त्याच्या पेशी तिने आमच्याकडून नेल्या होत्या. त्यांच्यावर तिने अर्क टाकला आणि पाणी निळं झालं. नुसतं निळं नाही, गडद निळं. एकदा नाही, दर वेळी. तीन वर्षांची मेहनत होती ती. प्रबंध लिहायला घेतला होता, तिचे गाइड खूश होते आणि पदवी हातात पडली की त्याच कॉलेजात नोकरीची शक्यता होती. घरात तिच्या लग्नाचं बोलणं 'पीएचडी झाल्यावर' या अटीवर थांबलेलं होतं. हे सगळं तिने मला आमच्या पँट्रीतल्या चहावर सांगितलं.

आमचे मालक करंदीकर सर स्वतः संशोधक, पण कंपनी चालवून चालवून त्यांच्यातला व्यापारी वरचढ झाला होता. त्यांना ही बातमी लागली. आपल्या पेशी वापरून इथल्याच मुलीने इथल्याच झाडावर शोध लावला, यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? "त्या मुलीकडून प्लेटचा फोटो घ्या, कॅटलॉगमध्ये पहिल्या पानावर टाकू," ते मला म्हणाले.

फोटो आला. एकच ओळ निळी होती आणि खाली सगळं कोरं. मी फोन केला.

"नौशीन, रिकामीची ओळ कुठे आहे?"

"मॅडम, ती नाही लावली. मीडियम महाग पडतं ना, म्हटलं वाचवू."

"लाव. तिच्याशिवाय मी फोटो पुढे पाठवणार नाही."

तिने लावली. रिकामी गुलाबीच्या गुलाबी. म्हणजे जे काही होत होतं ते रिसेप्टरमधूनच होत होतं. तिने आनंदाने फोटो पाठवला, सरांनी ऑफिसात सामोसे मागवले. मीही एक खाल्ला. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. निळा रंग फार गडद होता. झाडपाल्याने पेशी इतक्या चेकाळत नाहीत. त्या इतक्या चेकाळतात त्या ज्याच्यासाठी घडवल्यात तो समोर आला की.

पुढच्या खेपेला नौशीन आली तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, पाला आणतेस कुठून?

"घरामागून. भरती ओसरली की अम्मी काढून ठेवते."

"मग?"

"धुते, वाळवते, उकळते, गाळते. वर ऑटोक्लेव्ह करते मॅडम. एक जंतू जिवंत राहायचा नाही."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. त्यात जंतू मरतात हे खरं. पण मेलेल्या जंतूच्या कवचाचे तुकडे तसेच राहतात. कुकरच्या वाफेला ते दाद देत नाहीत, काचेची भांडी तर आम्ही त्यासाठी वेगळ्या कोरड्या भट्टीत भाजून घ्यायचो. आणि नौशीनच्या पेशींवरचा वॉचमन नेमका हेच तुकडे ओळखणारा. त्याला चोर जिवंत आहे की मेलाय याच्याशी घेणंदेणं नाही. खाडीच्या चिखलातला पाला म्हणजे असे तुकडे भरभरून. पेशी अगदी खरं सांगत होत्या. फक्त त्या मारांडीबद्दल बोलत नव्हत्या.

ही चूक आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात. बाहेरच्या कुणाला मेलेल्या जंतूची फिकीर करायचं कारण नाही आणि आम्हाला स्वच्छतेचा इतका अभिमान, की मारलं म्हणजे संपलं असं आम्ही धरून चालतो.

मी तिला हे सांगितलं. ती ऐकत होती तोवर चेहऱ्यावर काही नव्हतं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्हाला पण आमच्या पाल्यात घाणच दिसली."

"घाण नाही म्हटलं मी."

"तेच म्हटलं ना. कॉलेजमध्ये पण हेच ऐकते, खाडीचा चिखल, खाडीचा वास. हेच कुणी महाबळेश्वरवरून झाड आणलं असतं, तर विचारलं असतं का?"

मला राग आला. तिचा नाही. मला खरंच माहीत नव्हतं, की मी विचारलं असतं की नाही. मी म्हटलं, परवा परत ये, तुला काहीतरी दाखवायचंय.

घरी जाऊन मी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी एका बाटलीत भरलं. फिल्टरचं नाही, साधं, ज्याने आम्ही भाजी धुतो ते. सकाळी लॅबमध्ये ते उकळलं, गाळलं, तिच्यासारखंच ऑटोक्लेव्ह केलं आणि त्याच पेशींवर टाकलं. दुसऱ्या दिवशी नौशीनला काही न बोलता प्लेट हातात दिली. निळी होती.

"हा कशाचा अर्क?"

"कोपरखैरण्याचा. माझ्या घरच्या नळाचा."

ती हसली नाही. प्लेट उजेडाकडे धरून तिने बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "मग आता?"

आता तिसरी ओळ. पॉलिमिक्सिन म्हणून एक जुनं औषध आहे. ते जंतूच्या कवचाच्या तुकड्यांना घट्ट धरून ठेवतं, मग रिसेप्टरला ते दिसत नाहीत. अर्कात ते मिसळून पेशींवर टाकायचं. तरीही निळं झालं तर शाबास, मारांडीत खरंच काहीतरी आहे. गुलाबी राहिलं तर नाही. प्रयोग अगदी छोटा. एक दिवसाचा.

औषधाची बाटली तिला द्यायची तर सरांना विचारणं भाग होतं. ते वैतागले. "बाई, तुम्ही माझ्याकडे नोकरीला आहात की दुसऱ्या कुणाकडे? कॅटलॉग छापायला चाललाय." मी म्हटलं, छापून झाल्यावर कुणी परदेशातल्याने तिसरी ओळ लावली तर? त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "द्या. आणि बिल लावू नका. निदान तेवढं तरी." माणूस वाईट नव्हता.

नौशीनने बाटली पर्समध्ये टाकली आणि ती गेली. गेली ती गेलीच. दिवस गेले, महिना उलटला, फोन नाही. मी केला नाही. ग्राहकाच्या मागे लागणं माझ्या स्वभावात बसत नाही आणि आमच्या पेशातही बसत नाही. आम्ही पेशी विकतो, निकाल ग्राहकाचा. तिने ती बाटली कचऱ्यात टाकली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. तिच्या दोन ओळी बिनचूक होत्या. परीक्षक दोन ओळींवर समाधानी झाले असते, बहुतेक होतात. कॅटलॉग मी मात्र अडवून ठेवला होता, सर रोज विचारायचे आणि मी रोज नवीन कारण द्यायची. काळजी वाटत होती हे कबूल करते. तिची वाटत होती. पेशींची कधीच एवढी वाटली नाही.

एका दुपारी डबा खाताना फोन वाजला.

"मॅडम, गुलाबी."

मी विचारलं, पेशी जिवंत आहेत ना? म्हणजे औषधानेच मेल्या असतील तरी पाणी गुलाबीच राहतं.

"बघितलं. घंटा दुसऱ्या वाटेने वाजवणारं उत्तेजक टाकून बघितलं, तेव्हा निळ्या झाल्या. पेशी ठणठणीत आहेत. तीनदा केलं मॅडम. नवीन पाला आणून केलं. गुलाबी, गुलाबी, गुलाबी." मग ती रडली. मी फोन कानाला धरून बसले. भाजी पोळी समोर तशीच होती.

तिच्या गाइडनी तिसरी ओळ प्रबंधात घालू नकोस असं सांगितलं. अगदी वाईट शब्दांत नाही, समजुतीच्या सुरात, की हे पुढच्या संशोधनासाठी ठेव. ती ऐकेना. मग प्रबंध मोडला, विषयच फिरवावा लागला. खाडीकाठच्या कितीतरी वनस्पतींच्या अर्कांनी अशा चाचण्या कशा फसतात आणि अर्क आधी शुद्ध कसा करून घ्यावा, हा नवा विषय. कॉलेजातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. लग्नाचं बोलणं एकदा होऊन फिस्कटलं. ती वाशीत शिकवण्या घ्यायची आणि मध्येच कधीतरी आमच्याकडे पेशी न्यायला यायची, दोन्ही बाटल्या मागून घ्यायची. 'रिकामी आधी द्या' म्हणायची. या सगळ्यात माझा वाटा किती, हा प्रश्न मला त्या वर्षांत पडत असे. तिच्या तोंडून मात्र कधी तक्रार आली नाही. अम्मी जखमेवर पाला लावतच होती आणि नौशीन तिला अडवत नव्हती. ते बरोबरच होतं. आमच्या पेशींनी एवढंच सांगितलं होतं, की हा एक वॉचमन मारांडीला ओळखत नाही. पाल्याने जखम बरी होते की नाही, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तिच्या तोंडी परीक्षेला मी गेले. ती सगळ्यांसाठी खुली असते, पण जातं कोण? मागच्या रांगेत तिची अम्मी बसली होती, बुरखा घातलेली, मांडीवर मोगऱ्याचा छोटा गजरा ठेवून, मुलीच्या केसांत माळायचा की हातात द्यायचा हे ठरत नसल्यासारखी. मी शेजारी बसले. नौशीनने पडद्यावर तीन ओळी दाखवल्या. पहिली गडद निळी, दुसरी गुलाबी, तिसरी गुलाबी. बाहेरगावाहून आलेले वयस्कर परीक्षक बराच वेळ त्या तिसऱ्या ओळीकडे बघत होते. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, की तुमचा स्वतःचा निकाल मोडणारा हा प्रयोग तुम्हाला कुणी करायला सांगितला?

अम्मीने मला कोपराने ढोसलं. "काय बोलतो तो?"

"विचारतायत, हे करायला तिला कोणी सांगितलं."

"तिला कोन सांगनार?" अम्मी म्हणाली. "ती कोनाचं आयकते?"

समोर नौशीनची नजर मागे, आमच्या रांगेपर्यंत आली. मग ती परीक्षकांकडे वळून म्हणाली, "कोणी नाही, सर. मीच केला."

मला टोचलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच टोचलं. बाटली माझी, ओळ माझी, नळाचं पाणीसुद्धा माझं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी अर्धवटच वाजवल्या. अम्मी मात्र डोळे पुसत उभी राहिली होती.

घरी येताना कोपरखैरण्याच्या स्टॉपवर उतरेपर्यंत मी मनातल्या मनात मोजत होते. पॉलिमिक्सिनची अशी बाटली मी इतक्या वर्षांत बऱ्याच जणांना दिली होती. मोठमोठ्या संस्थांतल्या लोकांना, नाव असलेल्यांना, हेच सगळं समजावून सांगून. सगळ्यांनी आभार मानून घेतली. त्यातल्या कुणीही परत येऊन मला रंग सांगितला नव्हता. सांगणारी ती एकटीच. म्हणजे परीक्षकांना तिने दिलेलं उत्तर बरोबर होतं.